तोटीवरचे दात

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे आणि मी गळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली मला हातात घेतलं की लोक आधी उलटी धरतात, हलवतात आणि टोपणाखाली बोट फिरवून बघतात. बघा, खुशाल बघा. अकरा वर्षं मी सायकलवर काढली, दगडगोट्यांवरून आदळत गेले, एकदा तर ट्रकच्या चाकाखाली येता येता वाचले. पण माझ्या पोटातला एक थेंबही मी आपल्या मनाने बाहेर सांडलेला नाही. तरी माझ्यावर आळ आला. तो कुणी घेतला आणि कसा उतरला, तेच सांगणार आहे. बोलता बोलता माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये झाला. प्लॅस्टिकचे मसुराएवढे दाणे वितळवून त्यांची एक मऊ नळी केली, ती साच्यात धरली आणि आतून जोरात हवा फुंकली. मी फुग्यासारखी फुगले आणि साच्याच्या भिंतींना टेकून गार झाले. कमरेत मी बारीक आहे ती तिथपासूनच, हातातून निसटू नये म्हणून. माझ्या पोटात बरोबर पाऊण लिटर पाणी मावतं. डोक्यावर टोपण, आणि टोपणावर एक तोटी. ती ओढली की उघडते, दाबली की बंद होते. आता सायकल चालवणाऱ्याचा एक हात हँडलवर असतो आणि दुसऱ्या हातात बाटली. मग तोटी ओढायची कशाने? दातांनी. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं या दातांवरच येऊन थांबणार आहे.

मला विकत घेतलं दाजींनी. दाजी लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींच्या गाभ्यात, अंधारात, दोरांना तेल लावत त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून सुट्टी मिळाली की त्यांना उघडं आकाश लागायचं. हँडलला गुंडाळलेला तंबू, सीटमागे फुगलेली पिशवी, दांड्यांच्या मधल्या त्रिकोणात भांडी आणि स्टोव्ह, असा संसार सायकलवर लादून ते आठ-आठ दिवस निघून जायचे. याला हल्लीची मुलं बाइकपॅकिंग म्हणतात. दाजी नुसतं ‘जाऊन येतो’ म्हणायचे.

त्यांच्याबरोबर नेहमी त्यांचा मेहुणा असे. त्याला घरात सगळे बारक्या म्हणतात. बारक्या आज शेहेचाळीस वर्षांचा आहे आणि दारातून वाकून आत येतो, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ताईचं, म्हणजे त्याच्या बहिणीचं, दाजींशी लग्न झालं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि त्याला सायकल येत नव्हती. दाजींनी मागून सीट आणि पुढून हँडल धरून, धापा टाकत, पडवत, उठवत त्याला शिकवली. आज बारक्या कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि हा आपल्या छोट्या खोलीत दिव्याखाली बसून दात घडवतो, घासतो, उजेडात फिरवून बघतो. दाजी एकदा जिन्यावरून पडले आणि त्यांचे वरचे पुढचे दोन दात गेले, तेव्हा नवे दोन बारक्यानेच केले. त्यातल्या डाव्या दाताचा कोपरा दाजींनी आठवडाभरात उडवला. बारक्या म्हणाला, भरून देतो. दाजी म्हणाले, “राहू दे रे. वायर सोलायला बरा पडतो.”

ते दोन दात आणि त्यातली ती खाच माझ्या तोटीला पाठ होती. दाजी तहानेने मला ओढून काढायचे, तोटी दातांत धरून खेचायचे आणि मान मागे टाकून घटाघटा प्यायचे. दर सफरीत माझ्या तोटीवर नवे वळ उठायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट त्यांच्या ओळखीचे लोक म्हणायचे, “किती वर्षं वापरताय ही बाटली?” तेव्हा दाजी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “हिच्यासारखी दुसरी मिळायची नाही.” हे ऐकलं की पोटातलं पाणीसुद्धा हलकं वाटायचं. आता आठवलं की डोक्यात तिडीक जाते, पण ते शब्द खरे होते.

मग दोन वर्षं मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकत होते. माझ्या गळ्यात रबरबँड अडकवायचे आणि पोटावर सामानाची यादी चिकटवायचे. दाजींना मुतखड्याचा त्रास सुरू झाला होता. लिफ्टच्या कामात तासन्‌तास पाणी प्यायचं नाही, लघवीला जायचं नाही, अशी सवय लागलेली. शेवटी एक मूत्रपिंड काढावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी उरलेल्या एकाबद्दल स्पष्ट सांगितलं, “दिवसाला तीन लिटर पाणी. सायकलवर असाल तरीही. हे जमत नसेल तर सायकल विकून टाका. हे दुसरं गेलं तर मी काहीही करू शकणार नाही.”

दाजी वर्षभर गप्प बसले. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या सायकली बघायचे. ते ताईला बघवेना. ताई बसडेपोत कंट्रोलर आहे. कुठली गाडी कधी सुटली, कुठे अडकली, हे तिला झोपेतही ठाऊक असतं. तिने एका सकाळी मला खिळ्यावरून काढलं, ब्रशने घासलं आणि टेबलावर आपटलं.

“जा,” ती म्हणाली. “आठ दिवस जा. पण दिवसाला ही बाटली चार वेळा रिकामी झाली पाहिजे. चार वेळा पाऊण लिटर, तीन लिटर. रोज संध्याकाळी मी फोन करणार. आणि बारक्या, तू मागे राहायचंस. तुझी जबाबदारी.”

“दाजींना मी पाणी पाजू? लहान आहेत का ते?” बारक्या म्हणाला.

“त्याहून वाईट आहेत,” ताई म्हणाली.

तर असे आम्ही निघालो. मी दाजींच्या सायकलच्या दांड्यावर, तारेच्या पिंजऱ्यात. बारक्याकडे त्याची स्वतःची एक बाटली, आणि मागच्या कॅरिअरवर घडीची चार लिटरची पिशवी. तिला दाजी पखाल म्हणत. वाटेत नळ दिसला की पखाल भरायची आणि मी रिकामी झाले की तिच्यातून मला भरायचं. वर बारक्या माझ्यात मीठ-साखरेची पूड टाकायचा, चमच्याने मोजून. कवळ्या करणारा माणूस तो, त्याचा चिमूटभरही अंदाज चुकत नाही.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. दाजी प्यायले, खरोखर प्यायले. पण पाणी प्यायलं की ते बाहेरही यायचं. साठी उलटलेली, शस्त्रक्रिया झालेली. तासाला तीनदा थांबावं लागलं. दाजी झुडपामागे जायचे आणि बारक्या रस्त्यात एक पाय टेकून उभा राहायचा. चकार शब्द बोलायचा नाही. आभाळाकडे बघत शीळ घालायचा. त्याला वाटायचं, आपण किती समजूतदार आहोत. एकदा दोन तरुण मुली सायकलवरून पुढे गेल्या आणि जाताना एकीने विचारलं, “आजोबा ठीक आहेत ना?” झुडपामागे दाजींनी ते ऐकलं. मी दांड्यावरून त्यांचा चेहरा पाहिला. तिथेच सगळं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी माझी तोटी बोटाने ओढून उघडी केली आणि तशीच ठेवली. मला वाटलं, विसरले. दोन वळणं पुढे गेल्यावर त्यांनी मला पिंजऱ्यातून काढलं. मी तयार झाले. आणि मित्रांनो, त्या माणसाने मला खाली धरलं, रस्त्याच्या कडेला, आणि दाबलं! पाऊण लिटर पाणी, मोजून मिसळलेल्या मीठ-साखरेसकट, गवतात! मी अकरा वर्षांत एवढी कधी चक्रावले नव्हते. पुढच्या थांब्यावर बारक्याने विचारलं, “दाजी, बाटली?” दाजींनी मला ऐटीत उलटी करून दाखवली. “पार रिकामी!”

“वा!” बारक्या म्हणाला, आणि पखाल उघडून त्याने मला पुन्हा भरलं.

असं दिवसातून चार वेळा. संध्याकाळी ताईचा फोन. “किती झाल्या?” “चार,” दाजी छातीठोकपणे सांगायचे. खोटं तरी कुठे होतं? चार झाल्याच होत्या. दोन बाभळीखाली, एक पुलावरून आणि एक मुंग्यांच्या वारुळावर. मुंग्यांची तब्येत मात्र उत्तम राहिली असणार. दाजी जेवताना अर्धा पेला पाणी प्यायचे, चहा प्यायचे, बस. थांबणं बंद झालं होतं. ते भराभर पुढे जायचे आणि बारक्या धापा टाकत मागे. का धापा टाकत? कारण दाजी जे पाणी गवताला पाजत होते ते बिचारा चार-चार लिटर लादून चढावर ओढत होता. मला बोलता येत असतं तर मी पहिल्याच वळणावर दोघांना धरून हलवलं असतं. पण बाटलीला तोंड असून काय उपयोग?

तिसऱ्या दिवशी वारा समोरून होता. दाजींनी मला दाबलं आणि ती धार उडून मागच्या बारक्याच्या चष्म्यावर गेली. त्याने वर पाहिलं. ढगाचा ठिपका नाही. ओठावर आलेला थेंब त्याने चाटला.

“दाजी!” तो ओरडला. “खारट-गोड लागतंय! तुमची बाटली गळतेय!”

आता सांगून टाका, मी मनात म्हणाले. दाजींनी ब्रेक दाबला, मागे वळले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“हो रे,” ते म्हणाले. “मलाही वाटलंच. जुनी झालीय. तोटी सैल पडलीय.”

मित्रांनो, ज्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली होती, तोच हात. मला इतका राग आला की उन्हाने नाही, रागानेच मी गरम झाले. करून सवरून स्वतः नामानिराळे आणि खापर माझ्या डोक्यावर.

बारक्या मात्र ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा नाही. मुक्कामाच्या खोलीत त्याने मला काठोकाठ भरलं, तोटी दाबून बंद केली आणि कपडे वाळवायच्या दोरीला उलटी टांगली. खाली वर्तमानपत्र अंथरलं. आंघोळ झाली, जेवण झालं, ताईचा फोन झाला. वर्तमानपत्र कोरडंच होतं. त्याने त्यावर हात फिरवून पाहिला.

“गळत नाहीय, दाजी.”

“उभी असली की नाही गळत. खड्ड्यात आपटली की गळते,” दाजी म्हणाले आणि अंगावर पांघरूण ओढून घेतलं.

ही लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांची जुनी सवय. यंत्र तपासायला आलेल्या माणसापुढे बिघाड होत नाही, हे त्यांना तोंडपाठ. बारक्याला ते पटलं. मी दोरीला उलटी लटकत दोघांकडे बघत राहिले. हात असते तर कपाळावर मारून घेतला असता.

चौथ्या दिवशी एका गावात सायकलचं दुकान लागलं. बारक्याने माझं टोपण उघडलं, माझी जुनी तोटी काढली आणि नवी पांढरीशुभ्र बसवून घेतली. दुकानदार जुनी तोटी डब्यात टाकणार, तेवढ्यात बारक्याने ती उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली. दाजींनी विचारलं, “ते भंगार कशाला?” बारक्या ओशाळून म्हणाला, “दातांच्या खुणा असलेली वस्तू टाकवत नाही मला. धंद्याची सवय.” मला थोडं बरं वाटलं. निदान एकाला तरी माझ्या अकरा वर्षांची किंमत होती. नवी तोटी घट्ट होती. ती बोटाने उघडायला दाजींना सकाळी जोर लावावा लागायचा, पण त्यांनी हट्ट सोडला नाही.

सहाव्या दिवशी माळ सुरू झाला. अठ्ठावन्न किलोमीटर, आणि मध्ये एकही नळ नाही. हे दोघांनाही माहीत होतं. बारक्याने पखाल गळ्यापर्यंत भरली, स्वतःची बाटली भरली, मला भरलं. दोन्हीकडे पिवळं वाळलेलं गवत, डोक्यावर ऊन, आणि रस्ता इस्त्री केल्यासारखा सरळ. दहाव्या किलोमीटरला दाजींनी मला रिकामं केलं. विसाव्याला पुन्हा. मी सांगते, मला त्या दिवशी राग नव्हता, भीती होती. मला धरताना त्यांची बोटं नीट मिटत नव्हती. तळहाताला घामच नव्हता. ओठ सोललेले. तरी तिसऱ्यांदा मला भरून घेतलं, आणि पुढे जाऊन ओतलं. त्यातलं घोटभर तरी प्यावं, एवढंही सुचलं नाही त्यांना. हट्टाला पेटलेला माणूस तहानेलाही दाद देत नाही.

सदतिसाव्या किलोमीटरला त्यांची सायकल आपोआप हळू झाली आणि कडेला झुकली. नशिबाने तिथे पत्र्याचं छप्पर असलेला एक बसथांबा होता. दाजी बाकावर बसले नाहीत, कोसळलेच. कमरेला हात लावून वाकले आणि दात आवळून कण्हू लागले.

“काय होतंय?” बारक्या धावत आला.

“काही नाही. ऊन लागलं. तू हो पुढे, मी येतो.”

“पुढे कुठे होऊ?” बारक्याने मला पिंजऱ्यातून ओढलं. मी रिकामी. त्याने पखाल पिळून तिच्यात उरलेलं पाणी माझ्यात घेतलं. जेमतेम पेलाभर; त्या उन्हात त्याने स्वतःची बाटलीही तिच्यातून तीनदा भरून घेतली होती. मग एका हाताने दाजींची मान सावरत त्याने सवयीने माझी तोटी आपल्या दातांकडे नेली, नीट उघडावी म्हणून.

आणि तो थांबला.

त्याने मला तोंडापासून दूर धरलं. तोटी उजेडात फिरवली, डावीकडून, उजवीकडून, तिरकी. अगदी तसंच, जसं तो आपल्या दिव्याखाली कवळी फिरवून बघतो. मग त्याने खिशातून जुनी तोटी काढली. तिच्यावर दोन रुंद दात होते, आणि डाव्या दाताच्या कोपऱ्यातली ती खाच. त्याच्याच हातचे दात, एकावर एक, शेकडो वेळा. नव्या तोटीवर काहीच नव्हतं. आरशासारखी गुळगुळीत.

“दाजी,” तो हळूच म्हणाला. “दोन दिवस झाले ही तोटी लावून. आठ बाटल्या प्यायलात. आजच्या तीन. अकरा.”

दाजींनी डोळे मिटून घेतले.

“एकदाही दात लावला नाहीत? तुम्ही? तुम्ही तर वायरसुद्धा दातांनी सोलता!”

बारक्या शांत माणूस आहे, पण त्या दिवशी त्याचा आवाज त्या पत्र्याखाली दणाणला. “पाणी कुठे गेलं, दाजी? मी चढावर पखाल ओढतोय ती कशाला? रस्ता शिंपडायला? ताईने मला सांगून पाठवलंय! तुमचं एकच राहिलंय, एकच! ते गेलं तर तिला काय सांगू? बाटली गळत होती म्हणून सांगू?”

“सारखं थांबावं लागतं रे,” दाजी पुटपुटले. “तू पाय टेकून उभा राहायचास. तुला हँडल धरून शिकवलं मी. आणि तू माझ्यासाठी थांबायचास, शीळ घालत.”

“शीळ मी तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून घालत होतो!”

“त्या शिळेनेच अवघडल्यासारखं होत होतं.”

बारक्या खाली बसला आणि माझी तोटी त्यांच्या ओठांना लावली. मी सगळं दिलं. त्याच्या बाटलीत अर्ध्याहून कमी पाणी होतं, तेही त्याने घोटाघोटाने त्यांना पाजलं आणि स्वतः एक थेंब घेतला नाही. सव्वा तासाने बस आली. कंडक्टरने सायकली टपावर चढवल्या, स्वतःची पाण्याची कॅन दाजींच्या हातात दिली, आणि बस कुठेही न थांबता शहरातल्या दवाखान्यात गेली.

आता माझा राग शेवटचा एकदा उफाळणार आहे, तयार राहा.

सलाइन लागलं, दुखणं थोडं उतरलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड थकलंय, पण बहुतेक वाचेल, रात्रभर बघू. बारक्या मला हातात घेऊन बाहेरच्या बाकावर बसला आणि त्याने ताईला फोन लावला. त्याआधी दाजींनी त्याचं मनगट धरलं होतं. “तिला नको सांगूस. सायकल बंद करेल ती.” आणि या शहाण्याने, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी तोटी तपासली होती, ज्याला माझ्या निर्दोषपणाची पुरती खात्री होती, त्याने फोनवर काय सांगावं?

“ताई, पाणी कमी पडलं गं. बाटली गळत होती.”

घ्या! एक होता तो दुसऱ्यालाही खोटं शिकवून गेला. मी बाकावर पडून होते. कुणीतरी मला बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. डेपोतली पहिली गाडी धरून, डेपोच्याच कपड्यांत. तिने दाजींच्या कपाळाला हात लावला, सलाइनची नळी बघितली, तक्ता वाचला. ती रडली नाही. मग तिची नजर खिडकीतल्या माझ्यावर पडली.

“हीच ना?” ती म्हणाली. “ही फुटकी बाटली अजून कशाला सांभाळून ठेवलीय?”

तिने मला उचललं आणि खाटेजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. खाली केळ्याची साल आणि कापसाचे बोळे होते. “माझंच चुकलं,” ती म्हणत होती. “मीच ही खिळ्यावरून काढून दिली. नवी आणायला हवी होती. एवढंसं ते पाणी, आणि मी जुन्या बाटलीवर भरवसा ठेवला.” आणि आता मात्र ती रडायला लागली.

मी डब्यातून फक्त छत बघू शकत होते. मित्रांनो, कचऱ्यात गेल्याचं मला तितकं दुःख नव्हतं. प्रत्येक बाटली कधीतरी जाते. पण ती बाई स्वतःला दोष देत होती आणि खरं माहीत असलेली दोन मोठी माणसं भिंतीकडे बघत होती. मी गेले असते तर सगळं माझ्याबरोबर जाणार होतं. दाजी सुटले असते. पुढच्या वर्षी नवी बाटली आली असती आणि तिनेही गवताला पाणी घातलं असतं. आणि त्यानंतरच्या वर्षी बाटलीची गरज उरली नसती.

खाट करकरली.

“काढ तिला बाहेर,” दाजींचा आवाज आला.

“राहू द्या हो, घाण आहे ती.”

“काढ म्हणतो ना! ती गळत नाही.” दाजी थांबले. “ती कधीच गळली नाही. मी ओतायचो पाणी. रोज. तू विचारायचीस किती झाल्या, आणि मी ओतलेल्या सांगायचो.”

मग दाजींनी सगळं सांगितलं, झुडपं, शीळ, ‘आजोबा ठीक आहेत ना’ म्हणणारी ती मुलगी. सांगताना त्यांचा आवाज लहान होत गेला.

ताईने मला डब्यातून काढलं. बेसिनपाशी नेऊन साबणाने धुतलं. एकदा, दोनदा, तीनदा, आणि प्रत्येक वेळी इतक्या जोरात की मला वाटलं, हा राग नक्की कुणावरचा आहे ते हिने ठरवावं. मग गाळलेलं पाणी भरून मला दाजींच्या हातात दिलं.

“प्या. मी इथे बसलेय.”

“आणि लागली तर?”

“तर जा! अहो, बत्तीस वर्षं गाड्या सोडतेय मी. चार तासांच्या गाडीला सात थांबे असतात. तिला कुणी म्हातारी म्हणत नाही. थांबे नसलेली गाडी मी रस्त्यावर सोडतच नाही. आणि तू रे,” ती बारक्याकडे वळली, “पुन्हा शीळ घातलीस तर बघ. उतरायचं, सायकल लावायची आणि तूही झुडपामागे जायचं.”

“मला लागली नसली तरी?”

“नसली तरी!”

बारक्या हसला, आणि दाजींनी मला तोंडाशी नेलं. एका हातात सुई असल्यामुळे तो हात मोकळा नव्हता. त्यांनी तोटी दातांत धरली आणि खेचली. पांढऱ्या गुळगुळीत तोटीवर दोन दात उमटले, आणि डाव्याच्या कोपऱ्यात ती खाच. मला दुखलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

उरलेलं ते एक मूत्रपिंड टिकलं. सायकल विकली गेली नाही. हल्ली ताई संध्याकाळी फोन करून बाटल्या विचारत नाही, तोटीचा फोटो मागते. दाजी अजून कुरकुरतात, बारक्या अजून मीठ मोजत बसतो, आणि दोघे मिळून दर अर्ध्या तासाला थांबतात. मला या दोघांचा वैताग आहेच, तो जायचा नाही. पण तोटी चावून चावून आता जुनीसारखी झाली आहे.

तर मित्रांनो, एवढं ऐका. पाणी नुसतं बरोबर नेऊन भागत नाही. आम्ही बाटल्या ते वाहून आणू, उन्हात सांभाळू, खड्ड्यात धरून ठेवू, पण प्यायचं तुम्हालाच आहे. त्यापायी थांबावं लागलं तर थांबा, आणि कुणी थांबला तर त्याच्याबरोबर उतरा. आमची तोटी घासून ठेवा, टोपण उघडं टाकू नका, सामानाच्या याद्या दुसरीकडे चिकटवा. आणि कुणी तुम्हाला सांगितलं की माझी बाटली गळते, तर बाटली उलटी करून बघत बसू नका. आधी त्याचे ओठ बघा.